डबा बदलला, माल तोच

होटगी स्टेशनाजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. ती सोलापूरला कॉलेजात संगणक शिकते. वडील सिमेंटच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, आई घरी शिवण करते. वस्तीतल्या वाचनालयासाठी तिने एक संकेतस्थळ बांधायला घेतले आहे. वस्तीतल्या वयस्क मंडळींच्या आठवणी ती स्वतः बसून ऐकते, टाईप करते आणि त्यावर घालते. सत्तर-ऐंशीच्या घरातली ही माणसे. कुणी गिरणीत काम केलेले, कुणी रेल्वेच्या गँगमध्ये, कुणी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली. अशा माणसांचे बोलणे कागदावर कधी आले नाही. ते आता येत आहे.

पण पत्रात तक्रारीच जास्त आहेत. ज्या आठवणीत सरळ अवतरणचिन्हांत कुणाचे बोलणे लिहिले आहे, ती साठवताना यंत्र चूक दाखवते आणि मजकूर आत घेतच नाही. जात्यावरच्या ओव्या तिने ओळीखाली ओळ अशा लिहिल्या, पानावर मात्र त्या एका दमात सलग दिसतात. एका आजींच्या आठवणीत तिने मधे मधे घातलेली टिपणे पानावरून नाहीशी झाली आहेत. एका वर्गमित्राने ‘दुरुस्ती’ करून दिली, तेव्हापासून नव्या मजकुरात जागोजागी ‘&’ आणि पुढे काही इंग्रजी अक्षरे उगवली आहेत. शेवटी ती विचारते, मित्राचे म्हणणे असे की मजकूर आत घेतानाच सगळा साफ करून टाक, म्हणजे कटकट नाही. तसे करू का?

ताई, तसे करू नका. का, ते सांगतो. आई-वडिलांनीही वाचावे, कारण यात न समजण्यासारखे फार थोडे आहे.

अशा संकेतस्थळाचे दोन भाग असतात. एक कोठार. त्याला डेटाबेस म्हणतात. मजकूर तिथे रकान्यांत ठेवलेला असतो, आपल्या वहीतल्या जमाखर्चासारखा. दुसरा भाग म्हणजे आपल्याला मोबाईलवर दिसते ते पान. हे पान एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते. इथे ठळक करा, इथे परिच्छेद संपला, इथे चित्र लावा, अशा सूचना < आणि > या दोन टोकदार कंसांत लिहितात. मोबाईलमधला ब्राउझर त्या सूचना वाचतो, पाळतो, पण दाखवत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास ही भाषा काढली, तेव्हा तिच्यात मोजक्याच खुणा होत्या. आता पुष्कळ आहेत, पण टोकदार कंसाचा नियम तोच आहे.

म्हणजे कोठारातून निघालेला मजकूर पानावर जातो तेव्हा त्याला वेगळ्या नियमांच्या मुलखात शिरावे लागते. होटगीकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. होटगी जंक्शन ही कितीतरी वर्षे दोन मापांच्या रुळांची गाठ होती. मुंबई-वाडीची लाईन ब्रॉडगेज, पाच फूट सहा इंच रुंद. विजापूर-बागलकोट-गदगकडे जाणारी लाईन मीटरगेज, एक मीटर रुंद. पुढे तीही ब्रॉडगेज झाली, पण जुन्या लोकांना ते दिवस आठवत असतील. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चढत नाही. अशा ठिकाणी माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो. हमालांच्या पाठी त्यातच वाकल्या. पण पोते तेच राहते आणि आतली ज्वारीही तीच. पुढच्या रुळाला अडचण होईल म्हणून कुणी ज्वारी आधीच दळून पाठवत नाही.

मित्राचा सल्ला म्हणजे ज्वारी दळून पाठवणे आहे.

आता एकेक तक्रार घेऊ.

अवतरणचिन्हाची गोष्ट अशी. कोठाराला सूचना द्यायची भाषा निराळी आहे, तिला एसक्यूएल म्हणतात. त्या भाषेत मजकूर सरळ एकेरी चिन्हांमध्ये गुंडाळून देतात. आता आजींच्या आठवणीत कुणी दारात येऊन 'जयभीम' म्हणाले, असे त्याच सरळ चिन्हांत लिहिले असेल, तर यंत्राला वाटते की मजकूर ‘ज’ च्या आधीच संपला. पुढचे शब्द ते हुकूम म्हणून वाचू पाहते, त्यांचा अर्थ लागत नाही आणि ते थांबते. इथे चूक दाखवली हे नशीबच म्हणायचे. एखाद्या खोडसाळ माणसाने पुढे खरोखरचा हुकूम लिहिला, तर कोठारातला अख्खा तक्ता पुसलाही जाऊ शकतो.

यावर पूर्वी एक सोपा उपाय करीत. प्रत्येक चिन्हाच्या आधी एक तिरकी रेघ घालायची. पीएचपी या भाषेत तर ही सोय आपोआप चाले, तिला मॅजिक कोट्स म्हणत. व्हायचे असे की रेघा कोठारातच जाऊन बसत, मग पानावर \'जयभीम\' असे दिसे. पुन्हा दुरुस्त करून साठवले की रेघा वाढत. शेवटी २०१२ मध्ये पीएचपीच्या ५.४ आवृत्तीतून ही सोय काढूनच टाकली. आजचा योग्य मार्ग म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. त्यात हुकूम वेगळा पाठवतात आणि मजकूर वेगळा. मजकुरात काहीही असो, तो हुकूम म्हणून वाचलाच जात नाही. पीएचपीमध्ये पीडीओ वापरून हे चार ओळींत होते. ताईंनी सगळ्यात आधी हेच करावे, बाकीचे नंतर.

ओव्यांचे उत्तर छोटे आहे. एचटीएमएलमध्ये आपण दाबलेली नवी ओळ ब्राउझरला साधी मोकळी जागा वाटते. कोठारात ओळी शाबूत आहेत. पान सजवण्याच्या नियमांत (त्याला सीएसएस म्हणतात) त्या मजकुरापुरते ‘व्हाईट-स्पेस’ या गुणाला ‘प्री-लाईन’ हे मूल्य द्यावे. ओव्या जागच्या जागी येतील. मजकुराला हातही लावावा लागत नाही.

आता ती नाहीशी झालेली टिपणे. याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

आजी बोलता बोलता थांबल्या, रडल्या, हसल्या, किंवा विषय टाळून भलतेच बोलू लागल्या, तिथे ताईंनी टोकदार कंस टाकून आत दोन शब्दांचे टीप लिहिले होते. घाईत कळफलक बदलायला नको म्हणून ही टिपणे रोमन अक्षरांत लिहिली. ब्राउझरचा नियम असा की < च्या लगेच पुढे रोमन अक्षर आले, तर ती खूण समजायची. त्याने ‘आजी गप्प’ ही कुठलीतरी अनोळखी खूण आहे असे मानले, आणि अनोळखी खुणेची टीप तो पडद्यावर दाखवत नाही. गंमत म्हणजे हीच टिपणे देवनागरीत लिहिली असती तर दिसली असती, कारण < च्या पुढे देवनागरी अक्षर आले तर ब्राउझर त्याला खूण मानत नाही. म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. दहा आठवणी नीट दिसतात आणि अकरावी लंगडी निघते.

पण ताई, तुमचे काही हरवलेले नाही. कोठार उघडून पाहा. टिपणे तिथे जशीच्या तशी आहेत, फक्त दिसत नाहीत. पानावर पाठवताना < च्या जागी एक सांकेतिक रूप लिहिले, म्हणजे आधी ‘&’, मग रोमन एल आणि टी, मग अर्धविराम, की ब्राउझर ते वाचून पडद्यावर < काढतो आणि त्याला खूण समजत नाही. >, &, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण यांचीही अशीच रूपे आहेत. एकूण पाच चिन्हे. पीएचपीत हे काम ‘एचटीएमएल-स्पेशल-चार्स’ नावाचे फंक्शन करते. २०२१ च्या ८.१ आवृत्तीपासून ते एकेरी अवतरणही आपणहून बदलते. त्याआधीच्या आवृत्तीत तसे वेगळे सांगावे लागते. स्वस्त होस्टिंगवर अजून जुनी आवृत्ती असू शकते, तेव्हा पाहून घ्यावे.

मित्राच्या सल्ल्याप्रमाणे आत घेतानाच ‘साफसफाई’ केली असती तर काय झाले असते? तो बहुधा ‘स्ट्रिप-टॅग्ज’ हे फंक्शन सुचवीत असावा. ते < पासून > पर्यंतचे सगळे कापून टाकते. त्याला देवनागरी-रोमन हा भेदही नाही. < च्या पुढे मोकळी जागा नसली की ते कापते. कुणी ‘लग्नात वय <१८ होते’ असे लिहिले आणि पुढे > आलाच नाही, तर त्यापुढची अख्खी आठवण जाते. आणि हे कापलेले कोठारात कधी पोहोचतच नाही. आजी जिथे गप्प झाल्या ती जागा कायमची गेली. पुन्हा विचारायला जावे तर ऐंशी वर्षांचे माणूस तीच गोष्ट तशीच सांगेल याचा काय भरवसा?

दाखवताना झालेली चूक उद्या सुधारता येते. साठवताना झालेली चूक बहुतेक वेळा सुधारत नाही. म्हणून जसे लिहिले तसे साठवावे, आणि जिथे पाठवायचे त्या जागेला साजेसा बदल पाठवण्याच्या क्षणी करावा.

मित्राच्या ‘दुरुस्ती’ने उगवलेल्या अक्षरांचे कोडेही इथेच सुटते. त्याने ती पाच चिन्हे आत घेतानाच सांकेतिक रूपात बदलली. पान आपल्या परीने त्यांना पुन्हा बदलते. सांकेतिक रूपाची सुरुवातच ‘&’ ने होते, त्या ‘&’ चेही रूपांतर झाले आणि आतले यंत्र बाहेर दिसू लागले. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या डब्यात घातल्यासारखे झाले. यावर उपाय आहे. आधी कोठाराची पूर्ण प्रत काढून बाजूला ठेवावी. ‘दुरुस्ती’ ज्या तारखेला झाली त्यानंतरच्या नोंदी तेवढ्या निवडाव्यात आणि त्यांचे रूपांतर एकदा, फक्त एकदाच, उलटे फिरवावे. प्रत्येक नोंदीला तारीख ठेवण्याचा कंटाळा करू नये, तो असा उपयोगी पडतो.

कुणी म्हणेल, दोन्ही ठिकाणी न बदलता फक्त साठवतानाच बदलले तर काय बिघडले? बिघडते ते असे. उद्या वाचनालयाला या आठवणींची छापील पुस्तिका काढायची आहे. डीटीपीवाल्याकडे मजकूर गेला तर त्याला एचटीएमएलशी देणेघेणे नाही. प्रत्येक अवतरणाच्या जागी त्याला पाच-सहा अक्षरांचा कचरा मिळेल. मोबाईलवर संदेश पाठवायचा, शोध घ्यायचा, अक्षरे मोजायची, प्रत्येक ठिकाणी तेच. एका पानातसुद्धा जागा वेगवेगळ्या असतात. मजकूर परिच्छेदात जातो, कधी एखाद्या खुणेच्या आतल्या गुणात जातो, कधी दुव्याच्या पत्त्यात, कधी जावास्क्रिप्टच्या ओळीत. प्रत्येकाचे रूळ निराळे. साठवताना आपल्याला कसे कळणार की माल पुढे कोणत्या लाईनने जाणार आहे?

मराठी लोकांना हा धडा एकदा फार महागात मिळालेला आहे. नव्वदच्या दशकात आणि पुढेही काही वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाईप होई. साठवले जात ते मराठी अक्षर नसे. त्या फॉन्टमध्ये ज्या इंग्रजी चिन्हाच्या जागी ते चित्र बसवले आहे, ते चिन्ह साठवले जाई. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसे. फॉन्ट गेला की उरे नुसता इंग्रजी चिन्हांचा चिवडा. अनेक मराठी वर्तमानपत्रांची जुनी पाने अशीच होती. चळवळीतल्या छोट्या मासिकांच्या, स्मरणिकांच्या, पुस्तिकांच्या फाईली आजही लोकांच्या जुन्या सीडींवर पडून आहेत आणि उघडल्या तर वाचता येत नाहीत. दिसणे साठवले, लिहिणे साठवले नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्याकडे ते रुळायला बराच काळ गेला. अशी सीडी घरात असेल तर टाकू नका. फॉन्ट ओळखता आला तर रूपांतर करून देणाऱ्या आज्ञावल्या मिळतात.

युनिकोड वापरले तरी कोठार त्यासाठी तयार पाहिजे. मायएसक्यूएल हे कोठार २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत स्वतःहून लॅटिन अक्षरांचाच रकाना बनवी. त्यात देवनागरी घातली की नुसती प्रश्नचिन्हे. ती पुन्हा मराठी होत नाहीत. तेव्हा तक्ता बनवतानाच ‘यूटीएफएट-एमबीफोर’ असे सांगावे. आणखी एक. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, पाय मोडण्याच्या चिन्हाला तीन-तीन बाईट लागतात. मायएसक्यूएलच्या साध्या ‘टेक्स्ट’ रकान्यात ६५,५३५ बाईट मावतात. इंग्रजीला ते पुरतात. मराठीत मात्रा धरून २१,८४५ चिन्हे झाली की रकाना भरला. एका आजोबांची लांबलचक आठवण त्यात बसणार नाही. जुन्या आवृत्त्या जास्तीचा मजकूर केवळ एक सूचना नोंदवून कापून टाकत आणि ती सूचना सहसा कुणी पाहत नसे. २०१५ च्या ५.७ पासून आपोआप चूक दाखवली जाते. ‘मिडियमटेक्स्ट’ घ्यावा, पैसे जास्त पडत नाहीत.

साफसफाईच्या हौसेचा एक खास मराठी बळी आहे. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. त्यातल्या एका प्रकारात र आणि य यांच्यामध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह असते. ‘न दिसणारी चिन्हे काढून टाका’ असा नियम लावला की ते जाते आणि डोंगराच्या ‘दऱ्या’चा समुद्राचा ‘दर्या’ होतो. इंग्रजी शिकवणीत हे कोणी सांगणार नाही.

पण मग कुणी मुद्दाम वाईट मजकूर लिहिला तर? ही भीती खरी आहे. ताईंच्या संकेतस्थळावर उद्या कुणीही आठवण लिहू शकेल. त्यात टोकदार कंसांत जावास्क्रिप्टचा तुकडा घातला आणि पानाने तो न बदलता दाखवला, तर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तो चालतो. वाचनालयाचा हिशेब सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने ते पान उघडले तर त्याच्या नावाने आत शिरता येते. सभासद महिलांचे फोन नंबर तिथे असतील तर तेही गेले. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तरी ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर या तरुणाने मायस्पेस या संकेतस्थळावर आपल्या माहितीच्या पानात असा तुकडा ठेवला. जो ते पान पाही त्याच्या पानात तो तुकडा आपोआप उतरे आणि कामकरला मित्र करून घेई. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त लोकांच्या पानांत तो पसरला. मायस्पेसने साफसफाई ठेवलेली नव्हती असे नाही. नको त्या शब्दांची यादी होती, आणि त्याने त्या यादीतून वाट काढली.

म्हणून नको त्यांची यादी करू नये, हवे त्यांची करावी. साध्या मजकुराला ती पाच चिन्हे दाखवताना बदलणे पुरते, तुकडा मग नुसती अक्षरे म्हणून दिसतो. ज्यांना ठळक अक्षर, मथळा, दुवा हवाच आहे त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली विकिपीडियाची. १ मे २००३ पासून सुरू असलेल्या मराठी विकिपीडियाच्या कोठारात लेख एचटीएमएलमध्ये ठेवलेले नसतात. दोन बरोबरीची चिन्हे म्हणजे मथळा, तीन एकेरी अवतरणे म्हणजे ठळक, अशा साध्या खुणांत ठेवलेले असतात, आणि दाखवताना त्यांचे एचटीएमएल होते. लेखकाने स्वतः एचटीएमएल लिहिले तर ठरलेल्या यादीतल्याच खुणा चालतात, बाकीच्या साध्या अक्षरांसारख्या दिसतात. दुसरी वाट, संपादनाची पेटी लावून एचटीएमएलच साठवायचे आणि दाखवण्यापूर्वी ‘एचटीएमएल प्युरिफायर’सारख्या चाळणीतून गाळायचे. गाळलेली प्रत वेळ वाचवण्यासाठी शेजारच्या रकान्यात ठेवली तरी हरकत नाही, मूळ मात्र पुसू नये. चाळणी उद्या सुधारली की मुळावरून नवी प्रत काढता येते. ताईंच्या कामाला मला पहिली वाट बरी वाटते. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर येणारा कचरा पाहिला की दुसरीचा उत्साह मावळतो.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न संगणकाचा नाही. आजी ‘व्हतं’, ‘गेल्तो’, ‘आमच्या म्होरं’ असे बोलतात, ते शुद्ध करून घालू का, असे ताईंनी विचारले आहे. याचे उत्तरही तेच आहे. मूळ रकान्यात आजींचे बोलणे राहू द्या. शाळेतल्या मुलांसाठी सोपे रूप हवे असेल तर दुसरा रकाना करा.

सगळे बसवून झाल्यावर तपासणीसाठी एक खोटी आठवण भरून पाहा. तिच्यात सरळ एकेरी आणि दुहेरी अवतरणे असू द्या, ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही प्रकारांनी लिहा, टोकदार कंसात एक शब्द रोमन आणि एक देवनागरी घाला, एक ‘&’, एक तिरकी रेघ, ओळीखाली चार ओळी, आणि खाली तीच तीच वाक्ये चिकटवून तीस हजार अक्षरे करा. साठवा, पाहा, पुन्हा संपादनासाठी उघडा, काहीही न बदलता परत साठवा, पुन्हा पाहा. असे तीनदा करूनही मजकूर पहिल्यासारखाच राहिला तर वस्तीतल्या मंडळींना बोलवायला हरकत नाही.

आठवणींसोबतचे जुने फोटो कसे साठवावेत हे आणखी दोन वाचकांनी विचारले आहे. त्याविषयी पुढच्या अंकात.